न हललेला रोल

मित्रांनो, मी रोलवर चालणारा एक जुना कॅमेरा आहे. जन्म कारखान्यातला, पण जगायला शिकलो आत्याच्या हातात. तिनं मला पोटच्या पोरासारखं जपलं. पुढे मोबाइल आले आणि मी कपाटात पडलो. शेवटी आत्यानं मला तिच्या भाचीच्या हवाली केलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

पोरगी हौशी. पण सुरुवातीला तिनं खिडकीसमोर उभं करून घरातल्या सगळ्यांची फोटोत तोंडं काळी केली, कुणाचं डोकंच उडवलं. खिडकी आपल्या पाठीशी हवी आणि कोपरं अंगाशी, म्हणजे मी हलत नाही, हे आत्यानं तिच्या गळी उतरवलं. हळूहळू बरे फोटो यायला लागले.

तिच्या वडिलांचं आयुष्य छापखान्यात, पायानं चालवायच्या एका ट्रेडल मशीनवर गेलं. ते मशीन भंगारात निघालं. ते न्यायच्या आदल्या दिवशी ती मला घेऊन तिथं धावली आणि घाईघाईत रोल भरला. अहो, रोलचं टोक माझ्या आतल्या खाचेत अडकलंच नव्हतं! रोल पुढे सरकवायची दांडी ओढली की फोटोंचा आकडा पुढे सरके, पण रोल जागचा हलत नव्हता. रोल सरकला की माझ्या डोक्यावरची चकती फिरते; तीही ढिम्म. मला दरदरून घाम फुटला. सांगणार कसं? वडील मशीनच्या चाकावर हात ठेवून ताठ उभे, उजेड सुरेख, आणि माझ्या पदरात एकही फोटो पडत नव्हता.

रोल धुणाऱ्या काकांनी कोरी पट्टी उजेडात धरली. "रोल पुढे गेलाच नाही गं," ते म्हणाले. पोरगी पांढरीफटक पडली. मशीनचे तर तोवर तुकडे झाले होते.

वडिलांनी ऐकून घेतलं आणि चपला घालून आम्हाला पुन्हा छापखान्यात नेलं. तिथं जमिनीवर बोल्टांची भोकं तेवढी उरली होती. ते नेहमीच्या जागी उभे राहिले. एक पाय मशीनच्या पायट्यावर असावा तसा पुढे गेला, हात कागद सरकवायला उचलला गेला.

"मशीन गेलं," ते म्हणाले. "हात अजून तिथंच जातात. काढ फोटो."

तिनं डोळे पुसले. टोक खाचेत घट्ट अडकवलं, मगच झाकण लावलं. दांडी ओढून ती चकतीकडे बघत राहिली. चकती फिरली.

मित्रांनो, फोटो काढण्याआधी एवढं बघत चला. आम्हाला बोलता येत नाही हो.

तो फोटो आता त्यांच्या भिंतीवर आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, हे कुठलं मशीन चालवताहेत?