बीजस्फटिक

अंजूने चिमट्याने स्फटिक बीकरमधून वर काढला आणि गाळणकागदावर हलकेच टेकवला. बोटाच्या पेराएवढा, नितळ. वणीच्या रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला की प्रयोगशाळेची फळी थरथरायची, म्हणून तिने बीकर वाळूच्या परातीत ठेवून एक्केचाळीस दिवस सांभाळला होता. पाच वर्षांत इतका देखणा स्फटिक तिच्या हातून झाला नव्हता. मेला आत्ताच व्हायचा होता!

इथे एक रीत होती. पीएचडी संपवून जाणाऱ्याने आपल्या उत्तम स्फटिकाचा कण नव्या मुलीच्या नाहीतर मुलाच्या हाती द्यायचा. विरजण द्यावं तसा; त्याच्यावरच पुढचा स्फटिक वाढायचा. पहिला कण मार्गदर्शक नीळकंठ देव सरांचा, अठरा वर्षांपूर्वीचा. ॲलॅनिन या अमिनो आम्लाची पूड आणि एक क्षार पाण्यात विरघळवून त्यांनी म्हणे तिसराच, नवा पदार्थ घडवला होता. त्याचं चूर्ण करून न दिसणारा लेझर सोडला की हिरवा ठिपका उमटे; तोच नव्या पदार्थाचा पुरावा. त्या ठिपक्यावर पाच जण डॉक्टर झाले. अंजूला कण दिला शाल्मलीताईने. बाटलीला कुंकू लावता लावता ती म्हणाली होती, "चूर्णावरच तपासत जा. अख्खा कुठं पाठवत बसू नको."

अंजूने मात्र मागच्या महिन्यात एक अख्खा स्फटिक हौसेने, स्फटिकाची आतली रचना मोजणाऱ्या बाहेरच्या मोठ्या यंत्रावर पाठवला.

देव सर आले तेव्हा तिने अहवाल त्यांच्यापुढे ठेवला.

"सर, याच्यात क्षार नाहीच. हे निव्वळ ॲलॅनिन आहे."

"नमुन्यांची अदलाबदल झाली असेल त्यांच्याकडे."

"दोनदा पाठवला म्या. रचनेच्या मापाचे तेच तीन आकडे. पुस्तकात ॲलॅनिनपुढे छापले आहेत ते. क्षार पाण्यातच राहून जाते सर. अन् बाटलीतली ॲलॅनिनची नुसती पूड लेझरपुढं धरली मी, तरी हिरवा ठिपका आला. आजपर्यंत कोणी धरून पाह्यलीच नाही का?"

सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. काच स्वच्छच होती.

"कोणाला दाखवलं?"

"कोणालेच नाही."

त्यांनी खालचा खण उघडला. फायलींच्या तळातून एक पिवळट कागद काढून तिच्या अहवालाशेजारी ठेवला. तेच तीन आकडे, खाली पेन्सिलची रेघ. तारीख बारा वर्षांपूर्वीची.

अंजूने तो कागद उचलून तारीख पुन्हा वाचली.

"तुमाले माहीत होतं?"

"आधी माझ्या पहिल्या विद्यार्थ्याची, पियूषची, नोकरी पक्की व्हायची होती. मग दुसऱ्या कोणाचं काही." सर तिच्याकडे बघत नव्हते. "दर वेळी कोणाचं तरी काहीतरी असायचंच, अंजू. आता तुझं आहे. सोमवारी तुझी मौखिक परीक्षा."

अंजूचे वडील किसनसिंग यांनी उमरखेडजवळच्या आपल्या तांड्यात मंगळवारचं जेवण सांगून ठेवलं होतं. पोरगी डॉक्टर होणार, कॉलेजात शिकवणार. तांड्यातली पहिली. कालच फोनवर ते आचाऱ्याचं नाव सांगत होते आणि तिने नुसतं "हो बा, हो बा" केलं होतं.

"मी हे परीक्षेत सांगितलं तर?"

"तर तू खरं बोललीस," सर म्हणाले. "आणि तुझ्यासकट सहा जणांचं गेलं. सातवा मी."

तिला त्यांचा भयंकर राग आला.

दार ढकलून सुरभी आत आली. याच वर्षी रुजू झालेली, कोऱ्या पांढऱ्या ॲप्रनमधली. हातात पेढ्यांचा पुडा आणि कुंकवाची डबी.

"ताई, आज कण देतो म्हटलं होतं ना? मी आंघोळ करून डायरेक्ट आली!"

सर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. अंजूने दोन्ही कागद घडी करून ॲप्रनच्या खिशात घातले. पात्याने स्फटिकाचा कोपरा अलगद तोडला. तो टक्कन तुटला. तिने तो कण काचेच्या बाटलीत टाकला आणि बाटलीला कुंकू लावलं.

"किती साफ आहे ताई! मोठा झाला का मी याले मोठ्या मशीनवर पाठवू?"

"काही गरज नाही," अंजू बाटलीचं बूच दाबत म्हणाली. "चूर्णावरच तपासत जा."

शाल्मलीताईसुद्धा तेव्हा अशीच, मान वर न करता बोलली होती.