गौरवीच्या शेजारची जागा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सातवीच्या मुलांना माझ्या नावाआधी कळायचं. म्हणून त्या मंगळवारी वर्षाच्या शेजारी बसणारी गौरवी उभी राहून म्हणाली, “बाई, वर्षान गणिताची वही हाडूंक ना,” तेव्हा मागचापुढचा विचार न करता मी वर्षाला वही आणायला घरी पिटाळलं. घर दहा मिनिटांवर होतं. मध्ये खाणीच्या ट्रकांचा रस्ता होता. वर्षा परत आली नाही.

गोवा घटक राज्य होऊन सहा महिने झाले होते. डिचोलीकडच्या आमच्या छोट्याशा शाळेला नवीन शिक्का आला होता, आणि हेडमास्तर दत्तप्रसाद सरांनी तो पहिल्यांदा एका खोट्या कागदावर मारला. कागदावर लिहिलं होतं, ‘विद्यार्थिनी न विचारता शाळेबाहेर गेली.’ सगळ्या वर्गाला त्यांनी हेच बोलायला सांगितलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, नोकरी कायम व्हायची आहे ना, सुलोचनाबाई? मी मान डोलावली. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी मी, तिथे मात्र शेळी झाले.

पुढे मुलं म्हणायला लागली की वर्षा अजून तिच्या बाकावर बसते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. कुणी त्या बाकाकडे फिरकेना. एकटी गौरवीच तिथे बसायची, अगदी कडेला, अर्धा बाक रिकामा ठेवून. ती डबा उघडत नव्हती. आठवडाभरात गालांची हाडं वर आली. एकदाच तिने मला विचारलं, “बाई, मी चाडी केली म्हणून मेली ना ती?” मी ‘असं काही बोलू नये’ म्हणून सटकले. खरं उत्तर द्यायचं तर त्यात माझं नाव घ्यावं लागलं असतं.

मुलांची भीती घालवायला सरांनी वर्गातच देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. देवळात गाऱ्हाणं घालणारे गोकुळदास गावकर नारळ घेऊन आले. वर्षाची आई शेवंता हिलाही बोलावलं होतं. ती दाराशी भिंतीला टेकून बसली. मी तिच्याकडे पाहायचं टाळत होते.

गोकुळदासांनी नारळावर हात ठेवला आणि आवाज चढवला. “बा म्हाराजा, ह्या शाळेची पोरां तुज्यापुढे उभी आसत.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“जाणता-अजाणता कोणाच्या तोंडातून वाकडो शब्द गेलो असात, कोणाच्या हातून चूक झाली असात...”

गौरवी उभी राहिली. दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला होता. ती काय बोलणार ते मला दिसत होतं. बारा वर्षांची पोर सगळ्या वर्गासमोर, देवासमोर आणि त्या आईसमोर माझं पाप आपल्या डोक्यावर घेणार होती. सरांनी माझ्याकडे डोळे वटारले. तरी मी बोलले.

“चूक माझी. वर्षाला वही आणायला मी घरी पाठवलं. कागदावर आहे ते खोटं आहे.”

“व्हय म्हाराजा” कुणी म्हटलं नाही. गोकुळदासांचा हात नारळावरच राहिला. शेवंता उठून माझ्यासमोर आली. ती मला मारील असं वाटलं, आणि मी हललेही नाही.

“म्हणजे ती माज्यावर रुसून पळाली नाय?” तिने विचारलं. “सकाळी मी तिका मारलेलंय. वीस दिस मी तोच विचार करतंय.”

“नाही हो. वहीसाठी निघाली होती. फक्त वहीसाठी.”

तेव्हा गौरवी रडली, अपघातानंतर पहिल्यांदा. ‘मी सांगितलं, मी चाडी केली,’ एवढंच हुंदक्यातून येत होतं. मी तिला म्हटलं, तू सांगितलंस ते खरं होतं. पाठवणारी मी होते. शेवंता त्या बाकाच्या रिकाम्या अर्ध्यात जाऊन बसली आणि तिने गौरवीला जवळ घेतलं. माझ्याकडे तिने पुन्हा पाहिलं नाही. मला त्यात वावगं वाटलं नाही.

सरांनी त्याच दुपारी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. पोलिसांनी विचारलं तर जे सांगायचं, तेच मी त्यांना लिहून दिलं.

नोकरीचा निकाल लागायचा होता, तोवर मी शिकवत राहिले. गौरवी हळूहळू डबा खायला लागली, पण वर्गात तोंड उघडत नव्हती. पंधरा दिवसांनी, गणिताच्या तासाला, ती अचानक उभी राहिली.

“बाई, किरणान वही हाडूंक ना.”

किरण बिचारा खिडकीतून रस्त्याकडे पाहायला लागला. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी फळ्याकडे तोंड केलं.

“बस गो गौरवी,” मी म्हटलं. “किरण, उद्या आण.”