मागच्या रांगेतल्या दोन कबरी

दफनभूमीच्या रखवालदाराला सगळे रंगारी म्हणत. फाटक, बाकडी, नळाखालची बादली, हाती लागेल ते तो रंगवायचा. गेल्या आठवड्यात त्याचे हात शिवशिवले आणि त्याने मागच्या रांगेतल्या कबरींवरच्या लाकडी पाट्या उपटल्या. नावं पुसट झाली होती. ती ठळक लिहून त्याने पाट्या भिंतीला ओळीने टेकवल्या. दुपारी वारा सुटला. पडलेल्या पाट्या माळ्याने उचलून शेडमध्ये नीट रचून ठेवल्या.

बहुतेक नातेवाइकांनी आपापल्या माणसाची कबर ओळखली. कुणी कडेने शिंपले लावले होते, कुणी गुलाब. शेवटी शेजारशेजारच्या दोन कबरी उरल्या. दोन्ही मोकळ्या, दोन्हींवर सारखंच गवत.

त्यातल्या एकीत एका बाईची लेक होती. आज तिला तिथे नावाचा दगड बसवायचा होता. दीर सोबत होता आणि पाथरवट टेम्पोतून दगड उतरवून वाट बघत होता.

“ताई, करायला गेलो एक आणि झालं भलतंच,” रंगारी म्हणाला. त्याच्या नखांत अजून काळा रंग होता. “तुम्ही दर आठवड्याला येता. तुम्हीच सांगा.”

ती दर आठवड्याला यायची, पाटीसमोर बसायची आणि लेकीशी बोलायची. नाव वाचलं की चेहरा समोर यायचा, मग दुसरं काही बघायची गरजच पडत नसे. आता तिने आठवून पाहिलं, तर फक्त नाव आठवलं.

“डावीकडची,” ती म्हणाली.

“नक्की ना, वहिनी?”

“डावीकडचीच.”

“डावीकडे माझी बायको आहे,” मागून कुणीतरी म्हणालं. नळावरून झारी भरून एक म्हातारे गृहस्थ येत होते. त्यांनी झारी खाली ठेवली. “म्हणजे, मला तसं वाटतं.”

“नुसतं वाटून कसं चालेल, काका?” दीर म्हणाला.

“मग यांना तरी काय कबरीतून फोन आलाय?”

पाथरवटाने तोंड फिरवलं. ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही तळवे डावीकडच्या मातीवर दाबले. मग उजवीकडच्या. माती दोन्हीकडे सारखीच गार होती.

“भाऊजी, यांना उकरायला सांगा.”

“वहिनी, असं काय करता?”

“मी ओळखेन. केसांवरून ओळखेन.”

“परवानगी मिळणार नाही, ताई,” रंगारी खाली बघत म्हणाला. “आणि मिळाली तरी तुम्हाला बघवणार नाही.”

“वर सगळं कळतं, वहिनी. दगड इथे काय, तिथे काय.”

“वर कळून मला काय करायचंय? मला कळायला हवं. ती इथे एकटी पडेल आणि मी शेजारी भलत्याच माणसाशी बोलत बसेन.”

पाथरवटाने घड्याळात पाहिलं आणि मग आपण पाहिलं म्हणून ओशाळला.

म्हाताऱ्यांनी झारी उचलली. “डावीकडची घ्या तुम्ही,” ते म्हणाले. “माझी उजवीकडची असेल. घरीही मला डावंउजवं कळत नाही असं ती म्हणायचीच.”

हवं ते मिळालं आणि त्याच क्षणी तिची खात्री गेली. ते इतक्या सहज सोडतात, म्हणजे त्यांना ठाऊक असेल? की दया आली? विचारायला तिचं तोंड उघडेना. पाथरवटाने खड्डा घेतला, दगड उभा केला, ओळंबा लावून पाहिला. दगड सरळ होता. लेकीचं नाव चांगलं कोरलं होतं. दिराने सुटकेचा श्वास टाकला. रंगाऱ्याने दुसरी पाटी उजवीकडे ठोकली.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच आली. दगडासमोर बसली आणि नाव वाचलं. चेहरा आला नाही. पुन्हा वाचलं. घरातल्या चार गोष्टी सांगायला सुरुवात केली, पण प्रत्येक वाक्याला तिची नजर उजवीकडे जाऊ लागली. तिथे म्हातारे बसले होते आणि त्यांची नजर तिच्या दगडावर होती.

बराच वेळ झाल्यावर ते उठले आणि बाजूला सरकले.

“या, इकडेही बोलून घ्या. मी तिकडे बसतो.”

ती उजवीकडे आली आणि पहिल्यापासून सगळं सांगू लागली.

“जरा मोठ्याने,” ते दगडाजवळून म्हणाले. “माझी असली तर तिला कमी ऐकू येतं.”

तिने आवाज चढवला. लेकीला चढा आवाज कधी सोसत नसे. ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. हे आठवून ती मध्येच थांबली. मग हळू बोलली. मग पुन्हा मोठ्याने.