चिंचेनं घासलेली नावं

मुलांनो, समजा तुम्ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उभे आहात. साल १९६७. वारा असा की कान बधिर व्हावेत. बंदराच्या कडेला एक दगडी चौथरा, त्यावर ब्राँझची काळपट पाटी. पहिल्या महायुद्धात इथून एक पाणबुडी गेली ती परतलीच नाही. तिच्यातल्या खलाशांची नावं त्या पाटीवर आहेत. थडगं कुणाचंच नाही. माणसं समुद्रातच राहिली.

चौथऱ्यासमोर सियोन कपाळाला हात लावून उभा होता. हा मुंबईच्या उमरखाडीतला बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणारा ज्यू माणूस. गावच्या कौन्सिलनं त्याला इथली झाडलोट दिली होती, पण नोकरी अजून कच्ची होती. आणि पाटी निम्मी काळी, निम्मी घासलेल्या हंड्यासारखी लखलखीत.

"बेला, काय केलंस हे?"

आठ वर्षांच्या बेलाच्या मुठीत चिंचेचा गोळा होता. "मम्मी हंडा घासते तसंच केलं, पप्पा. आज सगळे प्रेयरला येणार ना. डर्टी दिसत होती पाटी."

"अगं, ती मळलेली नव्हती. तो रंग चढायला वर्षं लागतात. इथली माणसं जपतात त्याला. आता सुपरवायझर मला घरी बसवतोय बघ."

तेवढ्यात काठी टेकत मिस हार्डिंग आल्या. स्मारक समितीच्या त्या अध्यक्ष. कौन्सिलमध्ये त्यांचा शब्द चालायचा. सियोननं टोपी काढली.

"मॅडम, चूक माझी. चिंच माझ्या घरातली, पोरगी माझी."

बाई पाटीला नाक टेकेल इतक्या वाकल्या. चकचकीत नावांवरून त्यांचे ओठ हलत गेले आणि काळ्या भागापाशी थांबले.

"किती वर्षं झाली, मला इथलं अक्षर दिसत नाही," त्या म्हणाल्या. "कमिटीत सांगायची लाज वाटे. नावं पाठ आहेत म्हणून वाचल्यासारखं करते." मग त्या बेलाकडे वळल्या. "आणि तू नेमकी माझ्या भावाच्या नावाच्या अलीकडे थांबलीस होय गं?"

"पप्पा ओरडले."

"आता नाही ओरडायचे. मीच घासायला सांगितलं, असं सांगते मी सुपरवायझरला."

सियोनच्या छातीवरचा दगड उतरला. तो बादली उचलून नळाकडे गेला.

आणि बेलानं काय केलं? तिनं गोळ्याचे दोन तुकडे केले, बाईंचा हातमोजा हळूच ओढून काढला, त्यातला मोठा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला, आणि शेजारी सरकून त्यांना जागा करून दिली.