चिमटीतला खिळा

ग्लेनिसने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे तिला कुणी वेड्यात काढायचं कारण नव्हतं. तरी काढलंच.

ऑगस्टमधला, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यातला मंगळवार, दुपारचे पावणेतीन. दुधाचा टँकर आला होता आणि तिचा नवरा रॉस टँकरवाल्याला आपली जुनी गंमत दाखवत होता. खिळ्यांचा डबा खुळखुळवायचा. आवाज हुबेहूब गव्हाच्या डब्यासारखा. सगळ्या कोंबड्या माना पुढे काढून चिखल उडवत धावत येतात, पायाशी गोळा होतात, आणि मिळतं काय, तर ठेंगा. मग पुरुषांनी हसायचं. अकरा वर्षं रॉस हे करत होता आणि अकरा वर्षं कुणी ना कुणी हसत होतं. मुक्या जिवाला भुकेची हाक देऊन फसवण्यात हसण्यासारखं काय आहे, हे ग्लेनिसला कधी कळलं नाही. पण ती बोललीही नाही. न बोलणं हा तिचा वाटा.

त्या दिवशी डबा कलंडला. पाच-सहा खिळे चिखलात पडले. एक इंची, चपट्या डोक्याचे, जस्ताचा मुलामा दिलेले, नवेकोरे. मेव्हिस सगळ्यांच्या पुढे होती. तिने एक उचलला, मान दोनदा झटकली आणि गिळला. खुळखुळीनंतर खाली पडतं ते खायचं असतं, हे तिला याच घराने शिकवलं होतं.

"रॉस! खिळा गिळला तिने!"

"टाकेल थुंकून."

"कोंबडी थुंकते का रे?"

टँकरवाला फिदीफिदी हसला. "आता खिळ्यासकट अंडं घालेल, वहिनी. सरळ भिंतीवर ठोकायचं."

ग्लेनिसने मेव्हिसला उचललं. काळीभोर कोंबडी, उन्हात पिसांवर हिरवी झाक, वय वर्षं पाच. ग्लेनिस एकतीस वर्षं दिवसातून दोनदा एकशे ऐंशी गाईंचं दूध काढत आली होती. त्या गाईंच्या कानात नंबर होते. नाव एकट्या मेव्हिसला होतं, आणि ते ग्लेनिसने ठेवलं होतं. संध्याकाळी शेड धुताना ती येऊन ग्लेनिसच्या गमबुटावर बसायची. पाण्याचा फवारा उडाला तरी हलायची नाही. ग्लेनिसकडून काही नको असताना तिच्याजवळ येऊन बसणारा त्या सगळ्या शेतात तेवढा एकच जीव होता. हे ती कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर रॉसचं तेही टँकरवाल्याला सांगून झालं असतं.

टँकर गेला. रॉसला आता थोडी चुटपुट लागली होती, आणि चुटपुट लागली की तो अवजार शोधायचा.

"थांब. चुंबक."

शेडच्या फळीवर खोक्यात बोटाएवढी चुंबकं पडलेली असायची. प्रत्येक कालवडीला एक गिळायला लावायचं. चाऱ्यातून तार जावो, खिळा जावो, सगळं त्या चुंबकाला चिकटून पोटाच्या तळाशी पडून राहतं, काळजात घुसत नाही. दक्षिण गिप्सलँडच्या त्या मुलखातला कुठलाही गोठेवाला हे झोपेतून उठवलं तरी सांगेल. रॉसने अशा दोन गाई वाचवल्या होत्या आणि त्या दोन गाईंवर त्याची जी श्रद्धा होती ती चर्चवरही नव्हती.

"हे बोटाएवढं कसं जाणार तिच्या घशात?" ग्लेनिस म्हणाली.

तो घरात गेला आणि फ्रिजवरचं वाटाण्याएवढं चुंबक काढून आणलं. लसींच्या तारखांचा कागद खाली पडला असणार.

आणि ग्लेनिसने, हो, तिने स्वतः, मेव्हिसला काखेत धरून तिची चोच उघडली. घाबरलेल्या माणसाला कुणीतरी ठामपणे काही सांगितलं की तो ते करतो. रॉसची दोन बोटं चोचीपर्यंत आली. आत गुलाबी, टोकदार जीभ थरथरत होती.

"थांब."

"आता काय?"

"गाईच्या पोटात चुंबक जन्मभर बसून राहतं. हिच्या पोटात कुठे बसणार?"

"पेठ्यात."

"पेठ्यात काय होतं रे? दळण! खडे गिळून त्याच्यावर दाणा दळते ती. तिथे खिळा आणि चुंबक घालून जातं फिरवायचं म्हणतोस?"

रॉस चुंबकाकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्याला लहान दिसलं असावं. मग म्हणाला, "तसं असेल तर कुऱ्हाड आहे. हाल तरी नकोत."

तो दुष्टपणे बोलला नाही. पाऊस येईलसं वाटतं, अशा सुरात बोलला. तेच जास्त वाईट होतं.

तिने दवाखान्यात फोन लावला.

"कोंबड्या? किती आहेत?" पलीकडची मुलगी.

"एक."

"एकच?"

"एकच आहे ती."

मुलीने पानं उलटली. मग म्हणाली, छोट्या प्राण्यांचे डॉक्टर दीड तासावर, तेही उद्या सकाळी. आपल्या डॉक्टरीणबाई केल बर्कच्या गोठ्यावर गेल्यात, गाय अडलीय. तिथे जाऊन बघा.

"साडेतीनला दूध काढायचंय," रॉस गाडीच्या खिडकीशी येऊन म्हणाला.

"मला ठाऊक आहे कधी काढायचंय. एकतीस वर्षं ठाऊक आहे."

मेव्हिस शेजारच्या सीटवर पुठ्ठ्याच्या खोक्यात होती. बारा मिनिटांच्या रस्त्यात ती एकदाही ओरडली नाही. ग्लेनिसला ते आवडलं नाही.

केल बर्कच्या गोठ्यात गाय खोड्यात उभी होती आणि डॉक्टर इमोजेन, वय सत्तावीस, खांद्यापर्यंत हात गाईत घालून गाल तिच्या पुठ्ठ्याला टेकवून उभी होती. केल शेपूट धरून होता.

"काय गं ग्लेन? जेवण आणलंस की काय?" त्याने खोक्यात डोकावून विचारलं.

"खिळा गिळलाय तिने."

"मग भाजताना काढ की."

"तू तोंड बंद ठेव, केल. डॉक्टर, इंचभर खिळा. पाऊण तास झालाय."

इमोजेनने मान वळवली नाही. "गळ्याखाली उजवीकडे दाण्याची पिशवी असते. चाचपून बघा. लागतोय का?"

ग्लेनिस पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसली, मेव्हिसला मांडीवर घेतलं आणि पिसांखाली बोटं घातली. पिशवी रिकामी होती, दुपारचा दाणा अजून पडायचाच होता. सैल, ऊबदार कातडी. दोन-तीन खडे. आणि मग काहीतरी सरळ. काहीतरी जे जिवंत शरीरात असायलाच नको होतं.

"आहे. इथेच आहे."

"धरा. कातडीवरूनच चिमटीत धरा. डोक्याकडून, टोकाकडून नाही. खाली सरकला तर पेठ्यात जाईल, आणि तिथून मला इथे काढता येणार नाही. मी येईपर्यंत सोडायचा नाही."

"किती वेळ?"

"वासराचं डोकं मागे वळलंय," इमोजेन म्हणाली. तेच उत्तर होतं.

ग्लेनिसने धरला. अंगठा आणि तर्जनी, मध्ये दोन पदर कातडी, आणि त्यात मसुरीच्या डाळीएवढं चपटं डोकं. जोरात दाबलं तर आतून कापेल. सैल सोडलं तर निसटेल. मेव्हिस श्वास घेई तसा खिळा तिच्या बोटांत वरखाली होई. डाव्या हाताने तिने पंख अंगाशी आवळून धरले होते. पाच मिनिटांत मनगट भरून आलं. दहा मिनिटांत बोटांना मुंग्या आल्या. ही बोटं दुधाच्या यंत्राचे पेले हजारो वेळा चढवून वाकडी झालेली, थंडीत आखडणारी. आणि थंडी होतीच. पत्र्याच्या फटीतून येणारा वारा सरळ मानेवर बसत होता.

एकदा मेव्हिसने आवंढा गिळला. पिशवी सगळीच्या सगळी लाटेसारखी आकसली आणि खिळा बोटांतून ओढला गेला. ग्लेनिसच्या तोंडून शिवी निघाली. तिने चिमूट घट्ट केली. राहिला. जेमतेम, कडेला, पण राहिला.

"बरी आहेस ना?" केलने विचारलं. आता त्याच्या आवाजात जेवण नव्हतं.

"माझ्याकडे बघू नकोस. तुझ्या गाईकडे बघ."

खिशात फोन वाजला. वाजून थांबला. परत वाजला. तिसऱ्या वेळी केलने शेपूट सोडलं, तिच्या खिशातून फोन काढला आणि तिच्या कानाला लावला.

"गाई फाटकाशी येऊन उभ्या आहेत," रॉस म्हणाला. "चार वाजत आले."

"मग काढ दूध."

"एकट्याने? एकशे ऐंशी?"

"मला ताप होता तेव्हा मी काढलं होतं. तुझा खांदा गेला होता तेव्हा काढलं होतं, सात आठवडे. मोजायला शिकवू का?"

"एका कोंबडीसाठी, ग्लेन..."

"हो. एका कोंबडीसाठी. तुझ्या डब्यातला खिळा माझ्या बोटांत आहे, रॉस. मी हलले की ती मेली. आता फोन ठेव."

केलने फोन परत खिशात घातला. मग परत जाऊन शेपूट धरलं.

साडेचारला वासराचं डोकं सरळ झालं. वासराच्या पायांना साखळ्या लागल्या, इमोजेन आणि केल दोघंही मागे रेलून ओढू लागले, आणि सगळं एकदम बाहेर आलं, वाफाळतं, निसरडं. केलने त्याचा मागचा पाय उचलून पाहिला.

"च्यायला. गोऱ्हा."

म्हणजे पाच दिवसांनी ट्रक. दुधाच्या धंद्यात गोऱ्ह्याचं दुसरं काही होत नाही. आठवड्याभरात कापायला जाणाऱ्या जिवासाठी दीड तास दोन माणसं घाम गाळत होती, आणि त्यावर कुणी हसत नाही. त्याला काम म्हणतात. हसायचं ते मांडीवरच्या कोंबडीला. ग्लेनिसच्या मनात हे आलं आणि तिला एकट्या केलचा नाही, सगळ्यांचाच संताप आला, स्वतःसकट. किती ट्रक भरून दिले होते तिनेही.

इमोजेनने बादलीत हात कोपरापर्यंत धुतले, परत धुतले, आणि गाडीच्या मागच्या फळीवर स्वच्छ टॉवेल पसरला.

"चिमूट सोडायची नाही. मी सांगेपर्यंत नाही. आणि एक सांगून ठेवते. माझं काम गाईंचं. कोंबड्या भीतीनेच मरतात, कधी कधी टेबलावरच. चालेल?"

"न केलं तर?"

"मग टोक कुठेतरी आरपार जाईल. नाही गेलं तर जस्त भिनेल. दोन-चार दिवस."

"करा."

केलने न सांगता मेव्हिसचे पाय धरले. त्याच्या फावड्यासारख्या हातात ते काड्यांसारखे दिसत होते. बधिर करायचं औषध, अगदी थेंबभर. पिसं उपटली, खाली माणसासारखी फिकट कातडी. मग सुरी. कातडीचा एक काप, आतल्या पिशवीचा दुसरा, जेमतेम नखाएवढा. थोडं आंबूस पाणी वाहिलं. चिमट्याचं टोक ग्लेनिसच्या अंगठ्याशी येऊन टेकलं.

"आता सोडा."

सुटेना. बोटं लाकडासारखी झाली होती. केलने एका हाताने तिचा अंगठा धरून अलगद मागे वळवला, आणि त्याच क्षणी चिमटा बाहेर आला. खिळा. सगळा. चकाकी आताच थोडी मेली होती.

"एकच होता ना?" इमोजेनने आत चाचपत विचारलं.

"मी एकच पाहिला."

"मग एकच धरू."

तेवढ्या एका शब्दात केवढी भीती राहून गेली! पण टाके पडत होते, आत तीन, बाहेर चार, आणि मेव्हिसची मान टॉवेलवर कलंडली होती. डोळ्यांवर खालून पांढरा पडदा चढला होता. चोच अर्धी उघडी.

"श्वास?" केल.

"चालू आहे." इमोजेन हातमोजे काढत होती. "उभी राहिली तर राहिली. मला एवढंच करता येत होतं."

ग्लेनिसने तिला टॉवेलसकट मांडीवर घेतलं आणि तिथेच, गाडीच्या फळीवर, पाय लोंबकळत ठेवून बसली. पाच वाजून गेले. पलीकडे गाय गोऱ्ह्याला चाटत होती. केलने आपलं जाकीट काढून कोंबडीवर टाकलं, मग उगाच बादल्या इकडच्या तिकडे केल्या. इमोजेनला पुढच्या शेतावर जायचं होतं. ती गेली नाही, गाडीला टेकून उभी राहिली.

फोन वाजला. या वेळी ग्लेनिसने डाव्या हाताने उचलला. मागे यंत्राची धकधक ऐकू येत होती.

"निम्म्या झाल्या," रॉस म्हणाला. "काढला का तो?"

"काढला."

"जगेल?"

"माहीत नाही."

त्याने फोन ठेवला नाही. ती धकधक ऐकत राहिली आणि तो बहुधा तिचा श्वास. तेवढ्यात जाकिटाखाली काहीतरी हललं. ग्लेनिसच्या मांडीवर ऊबदार ओलसर पसरलं. मेव्हिसने तिच्या विजारीवर घाण केली होती. केल मोठ्याने हसला आणि मग तोंडावर हात ठेवला.

पांढरा पडदा खाली गेला. मागे नारिंगी-तपकिरी डोळा, गोल, रागावलेला. मेव्हिसने एक पाय ओढून खाली घेतला. मग दुसरा. नखं विजारीतून आरपार मांडीत रुतली, ती डुलली, एका बाजूला झुकली, परत सावरली.

"ग्लेन? आहेस का?" फोनमधून रॉस.

"थांब," ती म्हणाली. "उभी राहतेय."