बुंदीची वाटी

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची वाटी आहे. इंदूरच्या अरुंधतीबाईंच्या लग्नात मी या घरी आले. माझ्या बहिणी अजून स्वयंपाकघरात कढी-आमटी मिरवतात, मी मात्र गॅलरीत फरशीवर असते. का, ते सांगते.

घरात बुंदी आली. बुंदी म्हणजे मूठभर अंगाची, पांढऱ्या केसांची पॉमेरेनियन कुत्री. तिला प्लास्टिकचं भांडं नको, म्हणून बाईंनी मांडणीवरून मला काढलं. केवढा मान वाटला मला! रोज माझ्यात तूप-भात कालवला जाई. या घरात अंडंसुद्धा वर्ज्य, तेव्हा बुंदीही शाकाहारी. एकादशीला तिलाही साबुदाण्याची खिचडी! ती मिटक्या मारीत खाई आणि बाईंना धन्य वाटे. तिचं पोट सुटलं, पाय मात्र काटकुळे झाले. पळताना ते लटपटू लागले.

नात उर्वी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. परतली ती तणतणतच.

"आजी, हिचे मसल्स गळून चाललेत. पोटात प्रोटीनच नाही. चावल-घी एकदम बंद, बोलले डॉक्टर!"

"अगं, पण किती मजेत खाते ती!"

उर्वीने कुत्र्यांच्या तयार खाण्याचं, सगळ्यात जास्त प्रोटीनचं पाकीट आणलं. त्यावर वासराएवढ्या कुत्र्याचं चित्र होतं. पोरीने प्रोटीनचा आकडा तेवढा बघितला, कुत्रा कुठला ते बघायचं राहिलं. दाणे सुपारीएवढे आणि बुंदीचे दात इवलेसे. ती दाणा चाटे, तोंडात घोळवे आणि टाकून देई. बाईंना ते बघवेना. उर्वी कॉलेजला गेली की त्या दाणे गल्लीतल्या कुत्र्यांना घालत आणि पदराआडून भात आणत. संध्याकाळी मला लख्ख रिकामी बघून उर्वी म्हणे, "देखा आजी, पूरा खा गई!" मला सगळं ठाऊक होतं, पण वाटीला बोलता कुठे येतं? माझा जीव नुसता तुटत राही.

एका सकाळी बुंदी उठायला गेली आणि तशीच खाली बसली. मागचे पाय तिला उचलेचनात. अरुंधतीबाई तिच्याशेजारी बसून रडू लागल्या.

"उर्वी, मी हिला भातच घालत होते गं. ते मोठाले दाणे हिला चावतच नव्हते."

उर्वीचा चेहरा रागाने लाल झाला. मग तीही खाली बसली. "पाकीट तर मीच गलत आणलं ना, आजी."

या वेळी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी समजावलं, लहान जातीच्या कुत्र्यांचं बारीक दाण्यांचं खाणं घ्या, घटकांमध्ये मांस पहिलं आहे ना ते बघा, कोमट पाण्यात भिजवून द्या. जोडीला उकडलेलं अंडं. उर्वीने हळूच आजीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी गॅलरीत विजेची शेगडी मांडली आणि नाकाला पदर लावून स्वतः अंडं उकडलं. मग ते सोललं. "खा गं बाई," म्हणत त्यांनी ते माझ्यात बोटांनी कुस्करलं. बुंदीने खाल्लं. त्या दिवसापासून मी स्वयंपाकघराला पारखी झाले. त्याचं मला दुःख नाही.

बुंदी आता उभी राहते, थोडी चालते. पण पूर्वीसारखी पळेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. मित्रांनो, मुक्या जिवाला खाऊ घालताना त्याची हलणारी शेपटी बघून खूश होऊ नका. त्याचं तोंड केवढं, दात कसे, अंगाला काय हवं, ते आधी विचारून घ्या. खालून मुलांच्या खेळण्याचा आवाज आला की बुंदी कान टवकारते, धडपडत उठते आणि पुन्हा बसते. तेव्हा अरुंधतीबाई तोंड फिरवून घेतात. तुमच्यावर तशी वेळ येऊ देऊ नका.