पुराच्या पाण्यातलं सेफेर

धरणातून पाणी सोडल्याचं सांगत पोलिसांची गाडी गंगापूर रोडवरून गेली, तेव्हा हाईम वाक्रूळकर जेवायला बसले होते. ताट तसंच सोडून ते उठले.

"कुठे निघालात?" त्यांच्या पत्नी सिपोराबाईंनी विचारलं.

"पंचवटीत. सेफेर खालीच आहे."

हाईमसरांनी शाळेत जन्मभर इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर ते आपल्या बेने इस्रायल लोकांचा, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा, इतिहास लिहू लागले. नाशकात उरलेल्या मोजक्या ज्यू घरांची शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाची, प्रार्थनाही तेच चालवत. त्यासाठी घाटाजवळच्या गल्लीत तळमजल्यावर एक खोली घेतली होती. तिथल्या कपाटात सेफेर होतं, चर्मपत्रावर हाताने लिहिलेली तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी. खोली नदीच्या फार जवळ आहे, असं सिपोराबाई नेहमी म्हणत. जुन्या पुरांचा अभ्यास केलेले सर हसून सांगत, "इथवर पाणी कधी आलेलं नाही."

आज ते आलं होतं. गल्लीच्या तोंडाशी भाजीच्या टोपल्या वर चढवत असलेल्या पुतळाबाईंनी त्यांना अडवलं.

"मास्तर, जाऊ नका. लय ओढ हाय पाण्याला."

"आलोच," म्हणत ते गुडघाभर पाण्यात उतरले.

खोलीत त्यांनी कपाट उघडलं आणि लाकडी पेटीतलं सेफेर उराशी घेतलं. तेवढ्यात बाहेरून पाण्याचा एकच लोंढा आत घुसला. प्रार्थनेचे बाक तरंगले. दार धाडकन मिटलं आणि त्यामागे एक जड बाक आडवा अडकला. सरांनी खांद्याने रेटलं. बाक हलेना.

पाणी कमरेला लागलं, मग छातीला. ते थंड होतं, त्याला डिझेलचा वास होता. सरांना पोहता येत नव्हतं. "पुतळाबाई!" ते ओरडले, पण आवाज भलत्याच माणसाचा असावा तसा चिरका निघाला. त्यांनी 'शेमा' म्हणायला सुरुवात केली. लहानपणापासून रोज म्हटलेली ती प्रार्थना दोन शब्दांनंतर आठवेचना.

आठवलं ते भलतंच. आपले पूर्वज गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही कथा त्यांनी किती सभांमधून रंगवून सांगितली होती. बुडालेल्यांबद्दल ते एका वाक्यात बोलत. त्या माणसांच्याही नाकातोंडात असंच पाणी गेलं असेल, तीही कुणाला तरी अशीच हाका मारत असतील, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"मास्तर!" बाहेर पुतळाबाई ओरडत होत्या. त्यांनी घाटावरच्या नवनाथला आणलं होतं. पुरात माणसं काढण्यात त्याचा हातखंडा होता. पहारीने त्याने दाराची वरची फळी फोडली आणि दोर आत टाकला.

"दोन्ही हातांनी धरा! ते ठेवा तिथंच!"

"हे नाही सोडता येणार."

"एका हाताने नाय जमायचं, मास्तर. तुमच्यासंगं मीबी जाईन."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. पोरगा थरथरत होता, त्याच्या ओठांवर रंग नव्हता. सरांनी सेफेर कपाटाच्या माथ्यावर ठेवलं, त्यावर हात टेकला आणि दोर धरला.

पाणी ओसरल्यावर कपाट उताणं पडलेलं सापडलं. चर्मपत्र फुगलं होतं, शाई वाहून गेली होती. खराब झालेलं सेफेर पुरण्याच्या ज्यू रीतीप्रमाणे त्यांनी ते पांढऱ्या कापडात गुंडाळून दफनभूमीत पुरलं, माणसाला पुरतात तसं. पुतळाबाई आणि नवनाथही आले होते.

सरांनी चार शब्द बोलावेत, असं सगळ्यांनी सुचवलं. कुठेही तासभर बोलणाऱ्या त्या माणसाने मूठभर माती खड्ड्यात टाकली.

"मला फार भीती वाटली," ते म्हणाले. "अजून वाटते."

पुढचा शब्बाथ त्यांच्या घरी झाला, छापील पुस्तकावरून. प्रार्थना ऐन रंगात असताना बाहेर पावसाची जोरदार सर आली. सरांचा आवाज थांबला. सिपोराबाई उठल्या, त्यांनी खिडकी लावली आणि पुढची ओळ स्वतः म्हणायला सुरुवात केली.